दोन धावांच्या मधलं घड्याळ

बास्केटबॉल खेळलेल्या माणसाला नुसतं "बेसलाइनवर चला" म्हणा, पुढचं काही सांगावं लागत नाही. चेहरा पडतो. बुटाची नाडी उगाचच सोडून पुन्हा बांधली जाते, कुणाला अचानक तहान लागते.

ड्रिल असं आहे. बेसलाइनवरून, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या रेषेवरून सुटायचं, जवळच्या फ्री थ्रो रेषेला हात लावून परत. मग मधल्या रेषेला हात लावून परत. मग पलीकडची फ्री थ्रो रेषा, परत. शेवटी पलीकडची बेसलाइन, आणि परत. आंतरराष्ट्रीय मापाचं मैदान २८ मीटर लांब असतं आणि फ्री थ्रो रेषा बेसलाइनपासून ५.८ मीटरवर. बेरीज करून पाहा, बरोबर १४० मीटर भरतात. ऐकायला किरकोळ अंतर. पण त्यात सात वेळा पूर्ण थांबून उलटं फिरायचं असतं आणि तयारीच्या खेळाडूलाही त्याला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं. इंग्रजीत या प्रकाराला वर्षानुवर्षं 'सुसाइड' म्हणत आले. आता बरेच कोच ते नाव टाळून 'लाइन ड्रिल' म्हणतात. नाव सौम्य झालं, धाप तेवढीच लागते.

फुटबॉलमध्ये शटल (ठरलेल्या अंतरात पुढे-मागे पळणं), रग्बीत ब्रॉन्को (२०, ४० आणि ६० मीटरच्या फेऱ्या पाच वेळा, एकूण १२०० मीटर), आइस हॉकीत बर्फावरच्या रेषा. खेळ बदलतो, पण सरावाच्या शेवटी मुलांना वाकवणारी अशी एक गोष्ट सगळीकडे असते. प्रश्न एवढाच की तिचा नेमका उपयोग काय? नुसती दमवते, की काही घडवतेसुद्धा?

आपल्याकडे 'दम' या एका शब्दात हे सगळं प्रकरण मावतं. पळताना दम लागतो, फार झालं की दम निघतो, कोच दम देतो, आणि मधे कुठेतरी आपण दम खातो. मुलांचं लक्ष पहिल्या दोनांवर असतं, कोचचं तिसऱ्यावर. मला विचाराल तर सगळी किल्ली चौथ्यात आहे. ड्रिल काय शिकवणार हे किती पळलात यापेक्षा दोन धावांच्या मधे किती वेळ दम खाल्लात यावर जास्त ठरतं. कसं, ते समजायला आधी स्नायूंच्या आत डोकवावं लागेल.

स्नायू आकुंचन पावायला एटीपी नावाचा रेणू लागतो. तो स्नायूत साठवलेला असतो, पण जोरात पळताना दोन-तीन सेकंदांत संपेल एवढाच. लगेच मदतीला येतं क्रिएटिन फॉस्फेट. हे गच्चीवरच्या छोट्या टाकीसारखं समजा. नळ सोडला की जोरदार धार येते, पण टाकी लहान. पूर्ण वेगाने पळालात तर दहाएक सेकंदांत तिचा तळ दिसायला लागतो. दुसरी सोय म्हणजे साखर ऑक्सिजनशिवाय फोडून ऊर्जा काढणं. हीसुद्धा वेगवान असते, पहिल्या सेकंदापासूनच चालू होते, आणि अर्ध्या मिनिटाच्या लाइन ड्रिलमध्ये मोठा भार हिच्यावरच पडतो. मांड्या भरून येणं, पाय शिशासारखे जड होणं हे हिच्या काळातलं. तिसरी सोय ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करण्याची. ती सावकाश चालते पण तासन्‌तास चालते. तळमजल्यावरची मोटरच म्हणा.

आता खरी गंमत. गच्चीवरची टाकी रिकामी झाली की ती भरते कोण? तळमजल्यावरची मोटर. म्हणजे धाव संपल्यावर आपण जे धापा टाकत उभे असतो, ते शरीर टाकी भरत असतं. साधारण अर्ध्या मिनिटात निम्मी टाकी भरते आणि पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. ज्याची मोटर दमदार, त्याची टाकी लवकर भरते. दोन खेळाडू एकाच वेगाने पळत असतील, पण सातव्या-आठव्या धावेला एक तसाच पळतो आणि दुसरा पाय ओढत येतो, तर बहुतेक वेळा फरक मोटरचा असतो.

१९९३ सालचा एक प्रयोग यासाठी फार बोलका आहे. खेळाडूंना सायकलवर बसवून सहा-सहा सेकंदांचे दहा जोरदार स्प्रिंट मारायला लावले, मधे ३० सेकंदांची विश्रांती. पहिल्या स्प्रिंटमध्ये ऑक्सिजनशिवायच्या ऊर्जेपैकी सुमारे ४४ टक्के वाटा साखर फोडण्याचा होता. दहाव्यात तो १६ टक्क्यांवर आला. पण एकूण ताकद मात्र साधारण २७ टक्क्यांनीच घटली. म्हणजे शेवटच्या स्प्रिंटमध्ये टाकीत जेवढं परत भरलं होतं ते आणि थेट ऑक्सिजनची ऊर्जा, यांच्या जिवावर गाडी चालली होती. 'स्फोटक' खेळ म्हणून आपण ज्यांना ओळखतो, तेसुद्धा शेवटच्या दहा मिनिटांत मोटरवरच चालतात.

तर मग विश्रांती. वीस-तीस मीटरची तीच धाव घ्या. मधे दीड-दोन मिनिटं दिलीत तर टाकी बऱ्यापैकी भरते, प्रत्येक धाव पूर्ण वेगाने होते आणि मुलं वेग शिकतात. मधे वीस-तीस सेकंदच दिलेत तर अर्धवट भरलेल्या टाकीवर पुन्हा-पुन्हा पळायची सवय होते. फुटबॉल, हॉकी, बास्केटबॉलमध्ये नेमकं हेच लागतं. कबड्डीतल्या चढाईला ३० सेकंदांची मुदत असते आणि पुढची चढाई लगेच सुरू होते, तिथे तर हेच सर्वस्व. आणि लाइन ड्रिलसारखं अर्ध्या मिनिटाचं काम करून मिनिट-दीड मिनिट थांबलात तर जड पायांनी पळण्याचा सराव होतो. पळणं तेच, औषध वेगळं.

म्हणूनच मैदानावर सर्रास दिसणारी चूक अशी: कोच म्हणतो "आज स्पीडवर काम", आणि वीस सेकंदांनी पुन्हा शिट्टी. तिसऱ्या धावेपासून सगळ्यांचा वेग उतरतो, तरी अजून बारा धावा बाकी असतात. मुलं घामाघूम, कोच समाधानी. पण त्या अर्ध्या तासात मुलांनी सराव केला तो मंद पळण्याचा.

एक बारीक गोष्ट मी बऱ्याच उशिरा शिकलो. संघाचे तीन गट करून एकामागून एक पळवले की विश्रांती आपोआप कामाच्या दुप्पट होते, घड्याळ बघावं लागत नाही. सोय छान आहे. पण एखाद्या दिवशी निम्मी मुलं परीक्षेमुळे आली नाहीत आणि तुम्ही दोनच गट केलेत, तर विश्रांती एकदम निम्मी झाली. कागदावर तेच ड्रिल, तेवढ्याच फेऱ्या, आणि मुलं मात्र "आज काय झालंय कोण जाणे" म्हणत आडवी. त्यांना काही झालेलं नसतं. ड्रिल बदललेलं असतं आणि कोचला पत्ता नसतो.

दम खाताना उभं कसं राहायचं यावरही वाद आहे. आमच्या वेळी गुडघ्यांवर हात टेकले की ओरडा बसायचा: "ताठ उभे राहा, हात डोक्यावर!" वाकणं म्हणजे हार मानणं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महिला फुटबॉलपटूंना कडक धावांच्या मधल्या विश्रांतीत दोन्ही पद्धतींनी उभं केलं. गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्यावर हृदयाचे ठोके जास्त लवकर खाली आले. अभ्यास लहान होता. पण दमलेलं शरीर जे आपणहून करू पाहतं ते मूर्खपणाचं नसतं, एवढं त्यावरून म्हणायला हरकत नाही.

आता लॅक्टिक ॲसिडबद्दल, कारण याच्याशिवाय ही चर्चा कधी पुरी होत नाही. "पाय दुखतायत, लॅक्टिक ॲसिड साचलंय" हे वाक्य मैदानावर दर आठवड्याला ऐकू येतं. साखर फोडताना लॅक्टेट तयार होतं हे खरं. पण ते कचरा नाही, इंधन आहे. हृदय आणि इतर स्नायू ते वापरून टाकतात, आणि व्यायाम थांबल्यावर तासाभरात रक्तातली पातळी जवळपास मूळपदावर येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जे "आई गं" होतं त्याच्याशी त्याचा संबंध नाही. ते दुखणं येतं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे. आणि त्या सर्वांत जास्त होतात ताणलेल्या अवस्थेत जोर लावताना, म्हणजे ब्रेक मारताना. लाइन ड्रिलमधली ती सात वळणं आठवा. प्रत्येक वळणाला मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच अख्ख्या शरीराचा वेग अडवतो. सरळ १४० मीटर पळून दुसऱ्या दिवशी एवढं दुखत नाही, ते याचमुळे.

मग हे सगळं काम करतं का? करतं, पण नेहमी जे ड्रिल सर्वांत भयानक दिसतं तेच करतं असं नाही. नॉर्वेतल्या तरुण फुटबॉलपटूंवरचा २००१ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. चार मिनिटं धाव, ठोके कमाल ठोक्यांच्या ९० ते ९५ टक्क्यांवर, मग तीन मिनिटं हळू जॉगिंग. असे चार फेरे, आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दहाएक टक्क्यांनी वाढली आणि सामन्यात कापलेलं अंतर २० टक्क्यांनी. यात कुणी ओकलं नाही, कुणी लोळलं नाही. बघणाऱ्याला कंटाळवाणाच कार्यक्रम. पुढे २००६ साली दुसऱ्या एका अभ्यासात तरुण फुटबॉलपटूंच्या एका गटाला असं नुसतं पळवलं आणि दुसऱ्याला लहान मैदानावर कमी खेळाडूंचे सामने खेळवले. दोघांची सुधारणा जवळपास सारखी. म्हणजे चेंडू पायात असतानाही दम वाढतो, आणि मुलं तक्रार न करता धावतात.

तरी मी लाइन ड्रिल टाकून द्या म्हणणार नाही. लहान सामन्यांत हुशार मुलगा लपतो, चेंडू आपल्याकडे येणारच नाही अशा जागी उभा राहतो. रेषेवर लपायला जागा नसते. शिवाय ब्रेक मारून फिरणं हे खेळात लागतंच, आणि ज्या पायांनी ते सरावात केलेलं नाही ते सामन्यात दुखावतात. माझं भांडण ड्रिलशी नाही, ते कशासाठी आणि किती हे ठाऊक नसताना वापरण्याशी आहे.

इथे कोणीतरी म्हणणारच: "अहो, शरीराचं सोडा, मन कणखर होतं ना!" या युक्तिवादाचा सगळ्यांत गाजलेला दाखला आइस हॉकीतला. सप्टेंबर १९७९ मध्ये अमेरिकेचा तरुण संघ ऑस्लोत नॉर्वेशी ३-३ असा बरोबरीत सुटला. खेळ ढिला झाला म्हणून प्रशिक्षक हर्ब ब्रुक्स यांनी सामना संपल्यावर त्याच बर्फावर मुलांना रेषा मारायला लावल्या. पुन्हा. पुन्हा. सभागृहाचे दिवे घालवले तरी पुन्हा. पुढे २२ फेब्रुवारी १९८० रोजी लेक प्लॅसिडच्या ऑलिंपिकमध्ये याच संघाने सोव्हिएत संघाला ४-३ असं हरवलं, आणि त्यांचे शेवटचे दोन्ही गोल शेवटच्या २० मिनिटांच्या सत्रात आले.

गोष्ट भारी आहे. पण जिंकलेल्यांच्याच गोष्टी सांगितल्या जातात. १९५४ साली अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांनी टेक्सासमधल्या जंक्शन गावी दहा दिवसांचं शिबिर घेतलं. रखरखीत ऊन, सरावात पाणी प्यायला मनाई. कितीतरी मुलं शिबिर सोडून गेली, एकाला उष्माघात झाला. उरलेल्या 'पोलादी' संघाने त्या हंगामात दहापैकी एक सामना जिंकला. दोन वर्षांनी तो संघ आपल्या गटात अव्वल ठरला आणि श्रेय शिबिराला गेलं. मधल्या दोन वर्षांचा सराव कुणाच्या लक्षात राहिला नाही.

मनाचं म्हणाल तर एक गोष्ट कोणत्याही मैदानावर दिसते. दहा धावांतली नववी सगळ्यांत हळू असते आणि दहावी, जेव्हा शक्ती खरं तर सर्वांत कमी उरलेली असते, नवव्यापेक्षा वेगात येते. कारण ती शेवटची आहे हे डोक्याला कळलेलं असतं. म्हणजे थकवा फक्त पायांत नसतो. मेंदू सतत हिशोब करत असतो की अजून किती बाकी आणि किती खर्चावं. आमच्या शाळेतले सर किती लाइन मारायच्या हे कधीच सांगत नसत, "मी थांबवीन तेव्हा थांबायचं." त्यांना वाटे आम्ही जीव तोडून पळू. आम्ही तिसरीपासूनच हातचं राखून पळत होतो, पुढच्या वीस असतील या भीतीने. आकडा माहीत नसला की माणूस सावध पळतो. हे नंतर संशोधनातही दिसलं, आम्हाला ते आठवीतच कळलं होतं.

आता शरीर तुटतं ते कुठे. जानेवारी २०११ मध्ये आयोवा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघातले १३ खेळाडू एकाच वेळी रुग्णालयात दाखल झाले. हिवाळी सुट्टीनंतरचे पहिलेच दिवस होते आणि व्यायामात खांद्यावर वजन घेऊन १०० उठाबशा होत्या. वजन फार नव्हतं, एकदा उचलता येईल त्याच्या निम्मंच. पण स्नायूंच्या पेशी फुटल्या आणि आतलं प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडांवर आलं. याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. लक्षात ठेवायची खूण म्हणजे कोलाच्या रंगाची लघवी. नेहमीचं दुखणं नव्हे असं वाटणारी सूज-वेदना आणि हा रंग, एवढं दिसलं की मैदान सोडून थेट दवाखाना. ही मुलं कच्ची नव्हती, कसलेली होती. घात केला तो सुट्टीनंतरच्या अचानक उडीने.

दुसरा धोका उष्णतेचा. स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतो त्यातला पाऊणएक भाग नुसती उष्णता होऊन बाहेर पडतो. मे २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा खेळाडू ११० यार्डांच्या दहा धावा मारताना कोसळला आणि दोन आठवड्यांनी गेला. त्याला थंड पाण्यात बुडवून ठेवणं हा साधा उपाय वेळेवर झाला नव्हता. हा उपाय किती चालतो याचा पुरावा अमेरिकेतल्या फॉलमथच्या रस्त्यावरच्या शर्यतीत मिळतो. तिथे १८ वर्षांत उष्माघाताच्या २७४ जणांना जागेवरच बर्फाळ पाण्यात ठेवलं, सगळे वाचले. म्हणून नियम असा: आधी गार करा, मग हलवा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हा गैरसमज आहे. पळताना होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने निथळत असू शकतं. बघायचं ते डोकं ठिकाणावर आहे का. मुलगा असंबद्ध बोलतोय, लडखडतोय, कारण नसताना चिडतोय, तर ती 'नाटकं' नसतात.

सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा एक जनुक असलेल्यांचं कोसळणं आणखी वेगळं. ते बहुधा ड्रिलच्या पहिल्या काही मिनिटांतच होतं, खेळाडू शुद्धीवर असतो, बोलतो, फक्त पाय साथ सोडतात. अशा मुलांना खेळता येतं. मधे पुरेसं थांबू दिलं पाहिजे आणि "आता थांबतो" म्हणाली की थांबू दिलं पाहिजे. शिक्षा म्हणून पळवण्यात नेमकं हेच दार बंद होतं. रागावलेल्या कोचपाशी थांबायची परवानगी कोण मागणार? २०१९ साली अमेरिकेतल्या विद्यापीठीय खेळांसाठीच्या शिफारशींत व्यायाम शिक्षा म्हणून वापरू नका असं स्पष्ट लिहिलं गेलं.

त्याच वर्षी तिकडच्या स्ट्रेंथ कोचच्या संघटनांनी सुट्टीनंतर परतणाऱ्यांसाठी एक सोपा हिशोब मांडला. नेहमीच्या कामातून पहिल्या आठवड्यात ५० टक्के वजा, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात २०, चौथ्यात १०. मी आता तोच पाळतो. आठ लाइनचा सराव असेल तर पहिल्या आठवड्यात चार, दुसऱ्यात पाच आणि अर्ध्या मैदानापर्यंतची एक, तिसऱ्यात सहा, चौथ्यात सात. आकडा सुरुवातीलाच सांगतो. पहिल्या दिवशी चौथी लाइन संपली की कुणीतरी विचारतंच, "सर, एवढंच?" आणि विचारणाऱ्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर असतात.